मुलाण्याचा बकस कुठे गेला?

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ या पुस्तकाची अनुक्रमणिका आम्ही अलीकडे पुन्हा वाचली. त्यातील व्यक्तिचित्रे मराठी वाचकाच्या ओळखीची असतात, अनुक्रमणिकेकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात धर्मा रामोशी आहे, शिवा माळी आहे, गणा महार आहे, शिदा चांभार आहे, रघू कारकून आहे. त्याच पंगतीत मुलाण्याचा बकस, तांबोळ्याची खाला आणि बाबाखान दरवेशी हे तिघेही बसलेले आहेत. या तिघांच्या शीर्षकात ‘मुसलमान’ हा शब्द नाही. गावाने माळ्याला आणि चांभाराला ज्या रीतीने ओळखले त्याच रीतीने मुलाण्याला, तांबोळ्याला आणि दरवेशाला ओळखले. हातातल्या धंद्यावरून आणि घरावरून. थोडा बारकावा आहे. ‘शिवा माळी’ म्हणताना माणूस आणि जात शेजारी शेजारी उभे राहतात. ‘मुलाण्याचा बकस’ म्हणताना बकस हा मुलाण्याच्या घरचा होतो. माडगूळकरांनी हा फरक मुद्दाम केला असे आम्हाला वाटत नाही, कारण गावच्या बोलण्यात ‘पाटलाचा शंकर’ असेही सर्रास म्हणतात. पण त्या षष्ठी विभक्तीत एक मोठी गोष्ट सांगितलेली आहे. माणूस कोणाचा तरी असतो. त्याला कोणीतरी घडवलेले असते.

आता आमच्या समोर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मुस्लिम मराठी लेखकांनी लिहिलेल्या कथा आणि कविता आहेत. त्यांतील माणसांना नावे आहेत. रहीम आहे, सलमा आहे, चाचा आहेत, अम्मी आहे. पण रहीम कोणाचा? मुलाण्याचा की बागवानाचा? पिंजाऱ्याचा की शिकलगाराचा? त्याचा बाप काय करत होता, त्याच्या घरात चुलीपाशी कोणती भाषा बोलत होते, त्याच्या बहिणीचे स्थळ कोणत्या घरातून आले आणि कोणत्या घराला नकार गेला? बहुतेक कथांमध्ये याचे उत्तर मिळत नाही. रहीम मुसलमान आहे एवढे पहिल्या परिच्छेदात कळते आणि शेवटच्या परिच्छेदापर्यंत तो तेवढाच राहतो. बाहेरच्या समाजाने त्याला एका शब्दात ओळखले ही आमची जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. आमच्याच लेखकांनीही त्याला त्याच एका शब्दात का ओळखावे, हा या लेखाचा विषय आहे.

अशा लेखाची सुरुवात शेख महंमद श्रीगोंदेकरांपासून करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ‘योगसंग्राम’चा दाखला दिला की आपले मराठीपण सिद्ध झाले असे आपल्याला वाटते. आम्ही या वेळी ती वाट सोडून थोडे लांब, उत्तर आफ्रिकेपर्यंत जातो. इब्न खल्दून यांनी १३७७ साली लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’मध्ये ‘असबिया’ ही कल्पना मांडली. टोळीतल्या, गोतातल्या माणसांना एकमेकांशी बांधून ठेवणारी जी भावना, ती असबिया. माणूस रक्ताने जेवढा घडतो त्याहून अधिक सवयीने घडतो, ज्या जगण्याची त्याला सवय लागली तेच त्याचा स्वभाव होऊन बसते, असे त्यांचे म्हणणे होते. नसब म्हणजे वंशावळ. तिचा उपयोग माणसे एकत्र येण्यापुरता आहे, तेवढा उपयोग संपला की उरते ती पोकळ गोष्ट, असेही ते सुचवतात. सहाशे वर्षांपूर्वीच्या एका मुसलमान पंडिताने मुसलमान समाजाकडे इतक्या कोरडेपणाने पाहिले. आपल्या वार्षिकांत त्यांचा उल्लेख अभिमानाने होतो, पण त्यांची नजर मात्र आपण घेतलेली नाही.

ती नजर घेऊन मुलाण्याच्या घराकडे पाहावे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ सालचे. गावच्या बलुत्याची जी व्यवस्था त्यात दिसते तिच्यात मुलाणी आहे. बकरे हलाल करणे, मशिदीची आणि पिराची देखभाल करणे ही त्याची कामे आणि त्याबद्दल सुगीला खळ्यावरून धान्य ही त्याची मिळकत. म्हणजे कुणबी देवाला बकरे कापणार आणि त्यावर सुरी मुलाणी चालवणार. हे एक काम त्याला धर्माने दिलेले आहे आणि गावानेही दिलेले आहे. ते कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. मुलाण्याचा मुलगा कलमा घरी शिकतो आणि बलुते मागायला कोणाच्या खळ्यावर आधी जायचे, कोणाला रामराम घालायचा, कोणाच्या ओसरीवर बसायचे नाही हे गावात शिकतो. त्याची पाठ किती वाकते हे दुसऱ्या शिक्षणाने ठरते.

दलित साहित्याने याच बलुत्यातून केवढे काम केले ते सर्वांना माहीत आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ १९८० साली, लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली. या पुस्तकांनी जातीचे नाव लपवले नाही, उलट ते दाराच्या चौकटीवर लावले. वाचक आत शिरला तो महारवाड्यात शिरला, कैकाड्यांच्या पालावर गेला. बलुते मुलाण्यानेही खाल्ले. दरवेशीही पालावर राहिला. पण मुलाण्याच्या घरातून ‘बलुतं’च्या तोडीचे पुस्तक आले नाही. का आले नाही?

एक कारण सरळ आहे. इस्लाममध्ये जात नाही. मशिदीच्या सफेत राजा आणि फकीर खांद्याला खांदा लावून उभे राहतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि ते डोळ्यांनी पाहतोही. तेव्हा बिरादरीबद्दल लिहिणे म्हणजे धर्मावर आरोप करणे असे लेखकाला वाटते. दुसरे कारण अधिक कळीचे आहे. बाहेर जेव्हा घर पेटलेले असते तेव्हा घरातल्या भांडणाची गोष्ट चारचौघांत सांगणे ही फितुरी ठरते. ही दोन्ही कारणे समजण्यासारखी आहेत. पण सफेतील बरोबरी नमाज संपेपर्यंत टिकते आणि लग्नाची बोलणी सुरू झाली की कुफू आठवतो, हेही आपण डोळ्यांनीच पाहिलेले आहे. इम्तियाज अहमद यांनी मुसलमानांमधील जाती आणि सामाजिक स्तरांवर संपादित केलेला ग्रंथ १९७३ साली इंग्रजीत आला. समाजशास्त्राने तेव्हाच जे बोलून टाकले ते आमच्या कथेने पन्नास वर्षे गिळून ठेवले.

नावांचेच पाहा. कापूस पिंजणारा पिंजारी स्वतःला मन्सूरी म्हणू लागला. विणकर मोमीन हा अन्सारी झाला. खाटीक कुरेशी झाला. मदिनेत पैगंबरांना आसरा देणारे ते अन्सार, पैगंबरांचे कूळ ते कुरैश. म्हणजे प्रत्येकाने धंद्याचे नाव उतरवून अरबस्तानातले नाव अंगावर घेतले. यात केवळ ढोंग पाहणे बरोबर नाही. शतकानुशतके ज्यांना ‘जुलाहा’ म्हणून हिणवले गेले त्यांनी सन्मानाचे नाव शोधले, तर त्यांना हसण्याचा अधिकार कोणाला आहे? त्यातही पिंजाऱ्यांची निवड आम्हाला फार आवडते. बगदादेत ९२२ साली ज्या मन्सूर हल्लाजचा जीव घेतला गेला, त्याच्या नावातील ‘हल्लाज’चा अर्थच कापूस पिंजणारा. सूफी हुतात्मा आणि धंदाबंधू एकाच नावात सापडले. केवढी मोठी कथा या नामांतरात आहे! आजोबा धुनकी खांद्यावर टाकून गावोगाव फिरतो, नातू ‘मन्सूरी’ अशी पाटी लावून दुकान टाकतो, आणि गाद्या कारखान्यातून यायला लागल्यावर ते दुकानही बसते. ही कथा आम्ही मराठीत शोधत आहोत.

नाव बदलण्याचा दुसरा प्रकार अधिक निमूटपणे घडला. तो शाळेच्या रजिस्टरात घडला. आमच्या पिढीतल्या अनेकांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’ एवढेच लिहिलेले आहे. मास्तरांनी विचारले, वडिलांनी सांगितले, शाईने लिहिले गेले. वडिलांना ते सोयीचे वाटले, कदाचित त्यात थोडा मानही वाटला. आडनावाच्या जागी कोणी शेख लावले, कोणी सय्यद. पुढे १९९० साली मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा झाली, १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि मुसलमानांतील मागास बिरादऱ्यांचाही त्यात हक्क आहे हे कळले. जालन्याचे शब्बीर अन्सारी आणि त्यांचे सहकारी यासाठी राबले, दिलीपकुमार त्यांच्याबरोबर सभांना गेले, महाराष्ट्र शासनाने १९९४ साली दाखल्यांसंबंधी निर्णय काढला. आणि मग कचेरीच्या खिडकीपाशी त्या शाईने दगा दिला. तुम्ही तांबोळी कशावरून? तुमच्या दाखल्यावर तर मुसलमान आहे. ज्या माणसाला सारा गाव तांबोळी म्हणून हाक मारत होता त्याला आपण तांबोळी असल्याचा पुरावा मागितला जाऊ लागला. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात देशातील मुसलमानांपैकी ४०.७ टक्के लोक इतर मागासवर्गीय असल्याची आकडेवारी दिली. दर पाचांत दोन. आमच्या कथांतल्या शंभर रहीमांपैकी चाळीस जणांच्या घरात हा प्रश्न असायला हवा होता.

जे ओबीसीतही मावत नाहीत त्यांचे तर विचारूच नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. मैला उचलणारा मुसलमान मेहतर बाहेरच राहिला. कायद्याच्या लेखी त्याची जात कलम्याबरोबर संपली. मोहल्ल्याच्या लेखी ती संपलेली नाही. आपल्या ‘आम्ही’मध्ये तो कधी आला? हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो, कारण हा लेख ‘आम्ही’ म्हणूनच लिहिला जात आहे आणि या शब्दाची सोय आम्हाला ठाऊक आहे. ‘आम्ही’ म्हटले की कोण बोलतो आहे हे सांगावे लागत नाही.

भाषेचे प्रकरण याहून गंमतीचे आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३० लाख मुसलमान होते आणि उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. उरलेल्या काही लाखांनी मराठी, कोकणी, गुजराती, हिंदी असे काहीबाही सांगितले असणार. उर्दू सांगणाऱ्यांपैकीही किती जण घरात खरोखर उर्दू बोलतात? सोलापूर, लातूर, नांदेडकडच्या घरांत जे बोलले जाते ती दखनी. दखनीतला ‘नक्को’ हा मराठीतला नको. ‘मैंच’, ‘वहीच’ यांतला जोर देणारा ‘च’ हाही मराठीचाच. म्हणजे शेजाऱ्याने आपल्या जिभेवर घर केले आहे आणि ते शतकांपूर्वी केले आहे. ज्या माणसाच्या नकारातच मराठी आहे त्याला मराठीपण सिद्ध करायला दुसरा पुरावा काय लागतो?

पण आमच्या लेखकाचे या भाषेशी काय नाते आहे? तो निवेदन प्रमाण मराठीत लिहितो, हे योग्यच. संवाद आले की तो अडखळतो. त्याची पात्रे एकतर पुण्याच्या पेठेतली मराठी बोलतात, नाहीतर हिंदी सिनेमातल्या मुस्लिम सामाजिक चित्रपटांची उर्दू, ज्यात आदाब आहे, तशरीफ आहे, नजाकत आहे. निलंग्याच्या बाजारात केळी विकणारी बाई ‘तशरीफ रखिए’ म्हणत नाही. ती ‘बैठो ना वो’ म्हणते. लेखकाला स्वतःच्या आईच्या बोलीची लाज वाटते असे म्हणणे कठोर होईल, पण दुसरे कारण आम्हाला सापडत नाही. उर्दूवाल्यांनी दखनीला अशुद्ध उर्दू म्हटले आणि मराठीवाल्यांनी बागवानी हिंदी म्हणून तिची टर उडवली. दोन्ही शाळांत मार खाल्लेले ते पोर कथेत बोलायला घाबरते. याच्या उलट मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागावरचे जगणे उर्दूत लिहिले जाते, त्यामुळे मराठी वाचकाला त्याचा पत्ताच लागत नाही. तो अडसर अनुवादाचा आहे आणि त्याविषयी स्वतंत्र लेख हवा.

आता हमीद दलवाईंकडे येतो. या पानांवर त्यांचे नाव काढले की काही वाचक पान उलटतात हे आम्हाला ठाऊक आहे. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १९३२ साली जन्मले, १९७७ साली गेले. १९६६ साली त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधान भवनावर नेला, १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. मुस्लिम मराठी साहित्याच्या चळवळीतील अनेकांनी त्यांच्याशी वाद घातला. मुसलमानांना त्यांच्या गरिबीपासून, इतिहासापासून, बिरादरीपासून तोडून केवळ ‘मुस्लिम मन’ नावाच्या एका वस्तूत बसवल्याचा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. राजकीय लेखनापुरता तो आक्षेप आम्हालाही बराचसा मान्य आहे. तलाकपीडित स्त्रियांसाठी त्यांनी जे सोसले त्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

पण या दलवाईंच्या आधी एक दुसरे दलवाई होते. ‘लाट’ हा कथासंग्रह १९६१ सालचा आणि ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ सालची. ‘इंधन’चा निवेदक बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परततो. गावात मुसलमान आहेत, पण त्यांना मुसलमान म्हणून सोडून देता येत नाही. ते जमीनवाले आहेत, त्यांची कुळे आहेत, कुळांशी पिढ्यान्‌पिढ्यांचे देणेघेणे आहे. कुळकायद्याने त्या देण्याघेण्याच्या मुळाशीच हात घातलेला तो काळ. घराण्याची इभ्रत, स्त्री-पुरुषसंबंधांतले झाकलेले व्यवहार, कुळवाड्याच्या मनात साठलेला जुना अपमान, हे सगळे हळूहळू तापत जाते. शेवटी जी आग लागते तिला बाहेरचा माणूस हिंदू-मुस्लिम दंगल म्हणेल. कादंबरी वाचलेल्याला ते म्हणता येत नाही, कारण लाकडे कोणी आणि किती वर्षे रचली हे त्याने पाहिलेले असते. शीर्षक तेच सांगते. धर्म ही काडी आहे, इंधन वेगळे आहे.

आमचे म्हणणे असे की कादंबरीकार दलवाईंना जे ठाऊक होते ते प्रचारक दलवाईंनी बाजूला ठेवले. कादंबरीत त्यांनी एक-एक माणूस कोणाचा आहे हे विचारले, त्याच्या जमिनीपर्यंत आणि माजघरापर्यंत जाऊन विचारले. त्यांचा निवेदकही यातून सुटलेला नाही. तो गावापेक्षा पुढारलेला आहे, गाव त्याला परके झाले आहे, आणि तरी तो त्याच घराचा मुलगा आहे. त्याच्या विचारांनी ते घर सोडले, पण त्याच्या गप्प बसण्यात ते घर शिल्लक आहे. सुधारकाच्या अंगात त्याचा समाज किती खोल मुरलेला असतो याचे इतके प्रामाणिक चित्र मराठीत थोडे आहे. पुढे भाषणांतून आणि लेखांतून बोलताना त्याच लेखकाने ‘मुसलमान’ हा एकवचनी शब्द पुन्हा उचलला. त्यांच्या विरोधकांनीही तोच उचलला, फक्त चिन्ह बदलून. एकाने त्यावर वजा लावला, दुसऱ्याने अधिक. ‘इंधन’ दोघांनीही बाजूला ठेवली. दलवाईंवर वाद घालणाऱ्या आणि त्यांची पुण्यतिथी साजरी करणाऱ्या दोन्ही पक्षांना आमची विनंती आहे की त्यांनी ती कादंबरी पुन्हा वाचावी.

दुसरे उदाहरण अगदी वेगळ्या टोकाचे आहे. मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४ साली आले. मुस्लिम मराठी लेखिकांची यादी करताना त्यांचे नाव आपण अगत्याने घालतो. नावावरून घालतो. त्यांचे वडील शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकात आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज घुमला. आई हिंदू घरातली. ज्या घरात मलिकाबाई वाढल्या त्या घराची जमात म्हणजे कम्युनिस्ट पक्ष, त्याची बिरादरी म्हणजे कलावंत आणि कार्यकर्ते. पुढे त्यांच्या संसाराचे जे झाले तेही दलित पँथरच्या अंगणात झाले. या आत्मकथेतली बाई चळवळीने घडवलेली आहे आणि चळवळीतल्या पुरुषांनी मोडलेली आहे. तिला आपल्या यादीत बसवून आपण काय मिळवतो? मुसलमान नाव एवढाच निकष ठेवला तर बाहेरचे लोक आपल्याशी जे करतात तेच आपण तिच्याशी करतो. तिला यादीतून वगळावे असे आम्ही म्हणत नाही. यादी बनवणाऱ्याने पुस्तक वाचावे एवढेच म्हणतो.

आणि आपली चळवळ? तीही एक बिरादरीच आहे. १९९० साली सोलापुरात पहिले अखिल भारतीय मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, फ. म. शहाजिंदे अध्यक्ष होते. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारखा अभ्यासक त्यामागे उभा होता. २०१८ साली ते गेले तोवर मुसलमान समाजाच्या रचनेचा विचार ते सतत मांडत राहिले. गावोगाव एकटे पडलेले लेखक त्या संमेलनाने एकत्र आणले, त्यांना व्यासपीठ दिले. हे ऋण मोठे आहे. पण मग ६ डिसेंबर १९९२ आला, मुंबईची ती दंगल आली, आणि व्यासपीठावरच्या कवितेने एक ठरावीक सूर धरला. ही माती आमचीही आहे, आमच्याही आजोबांची हाडे इथेच पुरलेली आहेत, आमच्यावर संशय का? त्या दिवसांत तो सूर खोटा नव्हता. भाजलेला माणूस ओरडणारच. पण पुढे ओरडण्याचीही सवय लागते. कविसंमेलनात कोणत्या ओळीला टाळी पडते हे नव्या कवीला पहिल्याच वर्षी कळते. घरी तो गणिताचा शिक्षक असतो, त्याचे भावाशी शेतीच्या बांधावरून भांडण असते, मुलीला विज्ञान शाखेला घालावे की नाही यावरून रात्र-रात्र झोप नसते. माइकपुढे आला की हे सगळे गळून पडते आणि एक साक्षीदार उभा राहतो, अदृश्य न्यायाधीशापुढे आपली निष्ठा शपथेवर सांगणारा. त्या कवीला कोणी घडवले? दंगलीने अर्ध्याहून अधिक, उरलेले आपल्या टाळ्यांनी.

या पानांवर असे लिहिणे थोडे जड जाते, कारण अशा कविता आपण छापल्या आहेत आणि पुढेही छापू. काळ असा नाही की त्यांची गरज संपली असे कोणी म्हणावे. २०२० सालच्या टाळेबंदीत भाजीची गाडी घेऊन जाणाऱ्या बागवानाला नाव विचारून परत पाठवल्याच्या घटना देशात घडल्या. पण त्या बागवानाची कथा लिहिताना त्याला परत पाठवणाऱ्यांच्या नजरेनेच जर आम्ही त्याला पाहिले, तर कथेत फक्त त्याचा अपमान उरेल. तो पहाटे तीन वाजता बाजार समितीत कसा जातो, आडत्याशी कोणत्या बोलीत भाव करतो, उन्हात मेथी ताजी राखण्यासाठी कोणते गोणपाट भिजवतो, बागवान जमातीच्या बैठकीत त्याला बोलू देतात की नाही, हे कोण लिहिणार? अपमान होण्याआधी तो कोण होता हे कळल्याशिवाय त्या अपमानाची किंमत वाचकाला कळत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हा दोष दुप्पट आहे. आपल्या कथेतली मुस्लिम स्त्री तलाकने सुरू होते आणि तलाकवर संपते. तलाक देणारा नवरा, रडणारी बाई, बुरखा, एखादा मौलवी. तोंडी तीन तलाक २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवला आणि २०१९ साली कायद्याने तो गुन्हा झाला. आता आमचे काही कथाकार नवा विषय शोधत असतील. पण तलाक होण्याआधी ती बाई विड्या वळत होती, तिची पंधरवड्याची भिशी होती, आईकडून आलेल्या ओव्या तिला येत होत्या आणि त्या ओव्यांत पीरही होते आणि पंढरीही होती. महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्यांचा जो मोठा संग्रह झाला त्यात मुसलमान बायांच्या मराठी ओव्या आहेत. जात्यावरच्या त्या बाईला कथेत आणण्याची तसदी आम्ही घेतलेली नाही.

तसे पाहिले तर ही चूक नवी नाही. माडगूळकरांच्या त्या अनुक्रमणिकेकडे पुन्हा पाहावे. बकसला नाव आहे. दरवेशाला बाबाखान हे नाव आहे. तांबोळ्याची खाला मात्र खालाच आहे. ती तांबोळ्याच्या घरची आहे आणि कोणाची तरी मावशी आहे. ज्याच्या नजरेला दुष्काळी माणदेशातला साधा दरवेशीही सुटला नाही, अशा लेखकाच्या शीर्षकातही तिचे नाव आले नाही. तिला आईबापांनी ठेवलेले एक नाव असणारच. रजिस्टरात नसेल, दाखल्यावर नसेल. तिच्या भाचरांपैकी एखादे आज तांबोळी असल्याचा पुरावा शोधत कुठल्या कचेरीत बसलेले असेल, आणि त्याला ते नाव ठाऊक असेल.